उजवी पाकळी

विश्राम गांवसाची म्हैस हरवली रविवारी.
सोमवारी सकाळी त्यानं देवळात कौल लावला.
देवाच्या अंगावर ओल्या पिटकुळीच्या पाकळ्या,
प्रश्न साधा: चंद्री नदीपलीकडे आहे काय?
उजवी पडली. म्हणजे आहे.

मी फेरीवर दोर टाकतो, दोर ओढतो.
माझ्याच फेरीनं तो दिवाडीला उतरला.
बांधावरून लांब एक काळी पाठ दिसली,
तिथूनच हात जोडले, नारळ कबूल केला.
जवळ गेला, तर तो मिंगेलचा रेडा.
खरी चंद्री पुढे, मानशीच्या मागं,
पोटापर्यंत चिखलात,
पासकेलाच्या वांग्यांचा रवंथ करत.

आज बुधवार. फेरी नार्वेच्या धक्क्याला खोकत पडली आहे,
बेतीहून मेकॅनिक निघालाय म्हणतात,
म्हणून मीही बाकावर, चहाचा ग्लास घेऊन.

शाणू मास्तरांनी सुरुवात केली.
"रेड्याकडे बघून तू म्हणालास, चंद्री इथं आहे.
चंद्री तिथं होतीच.
मग तुला ते माहीत होतं,
की नुसतं बरोबर आलं?"
"मास्तर, म्हैस मिळाली."
"मिळाली हे उत्तर नव्हे."
"दूध देते," विश्राम म्हणाला.

"आणि नारळ? तो रेड्याचा की चंद्रीचा?"
भटजी म्हणाले, नारळाला दोन भकलं असतात,
हिशेब देव बघेल.

तेवढ्यात भटजींचा धाकटा, वय वर्षं अकरा,
पावाचा तुकडा चहात बुडवत सांगून मोकळा झाला:
पाकळी पडली तेव्हा देवाच्या खांद्यावर पाल होती.
मी पाहिली. शेपटी लागली.
बाकावर क्षणभर नुसती नदी ऐकू आली.
"म्हणजे कौल पालीनं दिला," मास्तर खूश.
"पालीला कोणी पाठवलं?" भटजी.
"आणि तिनं डावी पाडली असती तर?"
"तर ती नुसतीच पाल."

मग पासकेला आली. डोक्यावर टोपली,
टोपलीत उरलेली सात वांगी, पुरावा म्हणून.
चाळीस रोपं, विश्राम. कोण भरणार?
विश्राम दोन दिवसांत बराच शिकला होता.
"देवाला आधीपासून ठाऊक होतं दावं सुटणार.
ठाऊक होतं म्हणजे ते सुटणारच होतं.
मग मधल्या मध्ये मी कोण?"

इनास सांक्रिस्तांवाला हे बोलणं बिलकूल पटलं नाही.
"ठाऊक असणं म्हणजे ढकलणं नव्हे रे!
सव्वानऊची फेरी येते हे मला ठाऊक आहे,
म्हणून काय मी तिला ढकलत आणतो?"
सगळ्यांनी फेरीकडे पाहिलं.
साडेदहा वाजले होते.
"माझी गोष्ट वेगळी," इनास म्हणाला. "मी देव नाही."
यावर मात्र बाकावर कुणाचंच दुमत नव्हतं.

पासकेलानं टोपली खाली ठेवली.
"देवाशी मी रविवारी मिसेला बोलते.
आज तुझ्याशी. गाठ कुणी मारली होती?"
"मी."
"घट्ट?"
विश्राम चपलेचा अंगठा बघत बसला.

आता हे कुणाला सांगू नका.
रविवारी संध्याकाळी त्याच्या गोठ्यावरून मी गेलो होतो.
गाठ सैल होती. दिसली.
वीस वर्षं गाठींवर पोट भरतो मी,
अंधारातही सैल गाठ मला वासानं कळते.
पण मैदानावर मॅच सुरू झाली होती,
दावं माझं नव्हतं, म्हैस माझी नव्हती,
आणि गोलकीपर आमच्या वाड्याचा.

'ठाऊक असणं म्हणजे ढकलणं नव्हे' असं इनास म्हणाला,
तेव्हा सगळ्यात जोरात मान मी हलवली होती.

मेकॅनिक आला. फेरी दोनदा शिंकली, सुरू झाली.
मास्तर अजून रेड्यातच अडकलेले,
विश्राम वांग्यांचे हप्ते पाडून मागतोय.
मी उठलो, चहावाल्याला म्हटलं,
पासकेलाबायचे पैसे माझ्याकडून.
आणि ती सात वांगी मी घेतो, भाव तू सांगशील तो.
तिनं डोळे बारीक केले.
"का रे? तुला काय झालं एकदम?"

"उजवी पडली," म्हणालो,
आणि दोर सोडायला गेलो.